तारेकडची पट्टी

कार्ला फाट्यावर अजीम कामशेतच्या गाडीची वाट बघत बसला होता. जमिनीतलं सोनं शोधायचं त्याचं मशीन पिशवीत, पायाशी होतं. शेजारी दोन म्हाताऱ्या येऊन टेकल्या.

"कुटं निघालीस, बयाबाई?"

"बेडशाला. सुनंला आणायला."

"राजेश्वरी माहेरी गेलीया?"

"भात कापताना माझ्या कानातलं फूल पडलं. मालकांनी मशीनवाला आणला, मी तवा घरीच हुते. त्यानं समद्या वावरात मशीन फिरवलं, म्हणला, हितं न्हाई."

"मग?"

"वावरात न्हाई, मंजी घरात पडलं आसंल. आन घरात झाडू तीच मारती. बोलून गेले मी, चार बायांसमोर. पोरगी ताटावरनं उठली."

"आन आता?"

"काल तारंचं कुंपण काढलं, तर खांबाच्या बुडाशी फूल. भाकरी खायला तितंच बसलेले मी."

"मशीनला कसं घावलं न्हाई?"

"आता मालकांना आठवतंय. तारंजवळ ते सारखंच कोकलत हुतं, म्हणून त्यो गडी तिकडनं लांबनंच गेला."

अजीमनं पिशवी पायानं बाकाखाली सरकवली.

"मग तेवढी पट्टी ऱ्हायली, आसं सांगायचं की त्यानं," दुसरी म्हातारी म्हणाली.

"त्याला काय बोलू? सुनंचं नाव त्यानं न्हाई घेतलं. मी घेतलं."

गाडी आली. अजीमनं बयाबाईला हात धरून चढवलं.

"कामशेतचीच हाये न्हवं, भाऊ?"

"व्हय, मावशी."

"तुमी न्हाई येत?"

"न्हाई. माझी मागनं हाये."