लुसियाँ सरांचं बोट

मुलांनो, सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या दवाखान्यात तुम्ही माझ्या शेजारी बसला आहात, अशी कल्पना करा. समोरच्या बाकावर एक आई आणि तिची छोटी इरा बोलत आहेत. इराला पियानो शिकवणारे लुसियाँ सर आत डॉक्टरांकडे आहेत.

"आई, सरांचं बोट मोडलं असेल तर? पियानोचं झाकण माझ्याच हातून त्यावर पडलं."

"चुकून पडलं ना, बाळा? डॉक्टर बघताहेत आत."

"पॅरिसमध्ये ते जॅझ वाजवायचे. एवढ्या फ्रेंच सिनेमांना संगीत दिलं. आणि आता माझ्यामुळे सगळं बंद!"

"अगं, थांब जरा."

"ते रागावलेत. टॅक्सीत एक शब्दसुद्धा बोलले नाहीत."

"सिनेमात कुणी फार घाबरलेलं असलं, की तिथे ते संगीत देतच नसत. 'त्याला आधी श्वास घेऊ दे,' म्हणायचे. टॅक्सीत तुलाही तसाच श्वास घेऊ दिला असेल."

"शुअर ऑर नॉट? नक्की ना?"

"त्यांनाच विचार. आले बघ."

पांढऱ्या केसांचे सर हसत इंग्रजीत म्हणाले, "हाड शाबूत आहे, इरा! फक्त उजव्या हाताला थोडे दिवस सुट्टी."

"मग उद्याचा क्लास कॅन्सल, सर?"

"मुळीच नाही. डावा हात माझा, उजवा तुझा."

इरानं गाल पुसले, सर बाकावर टेकताच ती त्यांच्या उजवीकडे जाऊन बसली आणि लाकडावरच बोटं चालवू लागली.