वृंदेनं मागितलेला रंग

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा, आणि मागच्या रांगेतल्या काकू, तुमची कुजबुज संपली असेल तर एक सवाल टाकते तुमच्यापुढं. नम्रता म्हणजे काय हो?

सांगा ना! आत्ता गजर करताना मंडपाचं छप्पर उडवत होतात — आणि प्रश्न विचारला की तोंडाला कुलूप?

जे समोर येईल ते मुकाट्यानं घ्यायचं, "असू दे, असू दे, चालेल" म्हणायचं — ही नम्रता? की ती नुसतीच भीती, नम्रतेची साडी नेसून बसलेली? दोघी दिसतात सारख्या! ओळखायच्या कशा? त्याचीच ही गोष्ट. आणि गोष्ट घडते कुठं? अरण्यात नाही, राजवाड्यात नाही — लिपस्टिकच्या दुकानात! हसा, हसा! देव काय फक्त देवळातच परीक्षा घेतो?

तर येवल्यात होती एक मुलगी. नाव वृंदा. शिकलेली, हुशार, बोलायला गोड. आणि रंग? रंग गुळाचा! बाजारात गूळ घ्यायला गेलात की काय बघता? पांढरा-पिवळा चकचकीत दिसला की शहाणी बाई म्हणते, "नको गं बाई, यात पावडर घातलीय." आणि काळसर दिसला की लगेच — "हा शुद्ध!" गुळाची पारख आपल्याला बरोबर कळते. पोरींच्या बाबतीत काय होतं कुणास ठाऊक!

वृंदेचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं. आणि एक दिवस होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. आवाज कसा, तर साखरेच्या पाकातला! "वृंदा, बाकी सगळं छान आहे हो. फक्त त्या मेकअपवालीला सांग — रंग दोन शेड वर घे म्हणावं. फोटो काय, जन्मभर राहतात."

शेड म्हणजे काय, आजोबा? रंगाची छटा हो! दोन शेड वर म्हणजे — आहेस त्याहून दोन पायऱ्या गोरी दिस!

वृंदा काय म्हणाली? "हो आई." दोनच शब्द! पण तो "हो" गळ्यात अडकला, बोराची बी अडकावी तसा. गिळवत नाही, थुंकवत नाही! कारण तिला पक्कं ठाऊक होतं — लग्नाच्या दिवशी जो चेहरा लावून बोहल्यावर चढेन, तोच मग सणाला लावायचा, पाहुणे आले की लावायचा, बारशाला लावायचा. आपला चेहरा पुन्हा घालायचा कधी? फक्त झोपताना?

मेकअपवालीनं सांगितलं होतं, "फाउंडेशन तेवढं तुझं तू आण. भारीतलं आण, घामानं ओघळत नाही." फाउंडेशन म्हणजे चेहऱ्याला लावायचा पातळ लेप. त्वचेच्याच रंगाचा असायला हवा — हवा! तेव्हा वृंदा निघाली नाशिकला. आणि बरोबर निघाली कोण? तिची कलाआत्या!

अहाहा! या कलाआत्याला एकदा बघायलाच हवं होतं तुम्ही. सगळा जन्म येवल्यातला, आणि निम्मा जन्म पैठणीच्या दुकानातल्या गादीवर! आत्याचं साडी घेणं म्हणजे सोहळा. चपला दाराशी काढायच्या. गादीवर मांडी घालून बसायचं. दुकानदार म्हणणार, "या ताई! आधी पाणी घ्या. ए, चहा सांग रे!" मग एकामागून एक घडी मोडणार. स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवणार — मिशीवाला बाप्या, आणि खांद्यावर मोरपंखी पदर! "घ्या, नका घेऊ, ताई, बघा तर!" आणि शेवटी आत्या काय करणार? साडी उचलून थेट दुकानाबाहेर ओट्यावर! उन्हात धरून बघणार. म्हणणार, "दिव्याखालचा रंग आणि उन्हातला रंग म्हणजे दोन जावा गं. घरात एक बोलतात, बाहेर एक!"

अशी आत्या — आणि तिला न्यायचं कुठं? नाशकातल्या काचेच्या दुकानात!

दुकान कसलं, नुसता झगमगाट! आत गारेगार. चहूकडे आरसे. बाटल्या अशा मांडलेल्या, जणू देव्हाऱ्यात देव! वृंदा दबकत आत शिरली, मागं वळून बघते तर आत्या कुठाय? आत्या दाराशी वाकलेली — चपला काढतेय!

"आत्या! घाल ना चपला!"

"अगं, गादीवर चपला घालून बसतात का?"

"इथं गादी नसते, आत्या!"

"मग बसायचं कुठं?"

वृंदेनं चहूकडं नजर फिरवली. खरंच की — एवढं मोठं दुकान, आणि बसायला एक स्टूल नाही! तोवर आत्या चपला दाराशी ठेवून, अनवाणी पायांनी त्या गुळगुळीत फरशीवर येऊन उभीसुद्धा राहिली.

काउंटरवर एक मुलगी. सायली तिचं नाव, छातीवर बिल्ला लावलेला. काळा झगा, लालचुटुक ओठ. "येस मॅडम?" म्हणाली. मग नजर गेली आत्याच्या पायांकडं. तिथून वर वृंदेच्या चेहऱ्याकडं. आणि झालं! दुसरी कुणी गॉगलवाली आली, तिच्याकडं वळली. या दोघी उभ्याच! कशा? जेवायला बोलावलं आणि पंगतीत पानच मांडलं नाही, तशा!

आत्या पुटपुटली, "पाणी तरी विचारतात गं आमच्याकडं."

"आत्या, हळू बोल, प्लीज!"

अखेर सायली आली. वृंदेनं सांगितलं, लग्न आहे, फाउंडेशन हवंय. सायलीनं दोन बाटल्या पुढं ठेवल्या. आत्या म्हणाली, "दोनच? बाकीच्या घड्या मोडा की!"

"बाकीच्या कशाला, मॅडम? ब्राइडल आहे ना? ब्राइडलला दोन शेड वरच घेतात."

मंडळी! वृंदेनं चमकून वर बघितलं. हिला कुणी सांगितलं? सासूबाईंचा फोन इथंही आला होता की काय? नाही हो! फोन करावा लागतच नाही. ते वाक्य हवेतच असतं — आपणच सोडलेलं असतं ना!

सायलीनं बोटानं एका गालावर लावलं, आरसा धरला. वरून दिव्यांचा लखलखाट. वृंदा बघते तर — कॅलेंडरवरची बाई! गळ्यातली बी आणखी आत रुतली, पण तोंडानं काय म्हणाली? "छान आहे. द्या."

बघा! "असू दे, चालेल!" आली की नाही ती भीती, नम्रतेची साडी नेसून?

"थांब!" आत्या गरजली. "उन्हात चल!" आणि एका हातात बाटली, दुसऱ्या हातात वृंदेचं मनगट — निघाली की दाराकडं!

"मॅडम! बाहेर न्यायला अलाउड नाही!" सायली ओरडली. पण आत्याच्या पायाला ब्रेक कुठला! उंबरा ओलांडला मात्र — टुंऽऽऽ! टुंऽऽऽ! दारातलं यंत्र बोंबलायला लागलं! वॉचमन धावला. "ओ मावशी! बिल कुठाय?"

"बिल कसलं, दादा? रंग बघतेय!"

मृदंगवाले काका, हसू नका, पुढचं ऐका! रस्त्यावर माणसं थांबली. आतल्या बायका काचेला नाक लावून बघायला लागल्या. वृंदेला वाटलं, धरणीमाते, तू सीतेसाठी दुभंगलीस ना, माझ्यासाठी थोडीशी भेग तरी पाड! तिनं तोंड फिरवलं — आणि समोर उभ्या स्कूटरच्या आरशात तिला स्वतःचा गाल दिसला. लख्ख उन्हात. राखाडी! भाकऱ्या झाल्यावर तव्याच्या कडेला पीठ उरतं ना, तसा! एक गाल माणसाचा, एक गाल पिठाचा.

तोवर सूटबूट घातलेले मॅनेजर बाहेर आले. ओरडले नाहीत हं. हळू बोलले — ओरडण्यापेक्षा वाईट! "मावशी, हे साडीचं दुकान नाही. इथं प्रीमियम गिऱ्हाईक येतं. इथली एक पद्धत असते."

आणि जी आत्या कुणाचं ऐकून घेत नाही, तिनं ऐकून घेतलं. वॉचमननं तिच्या हातातली बाटली काढून घेतली. तापलेल्या फरशीवर ती अनवाणी उभी — एक पाय उचलायची, टेकवायची, दुसरा उचलायची. मान खाली.

वृंदेच्या ओठावर शब्द तयार होता — "सॉरी सर." तो म्हणायचा, घरी जायचं, विषय संपला. तिनं आत्याच्या पायांकडं बघितलं. म्हणा मंडळी, काय करावं तिनं? सॉरी म्हणावं? मान खाली घालावी?

ती आत गेली. सगळ्यांदेखत दाराशी वाकली, आत्याच्या चपला उचलल्या, आणून आत्याच्या पायाशी ठेवल्या. आत्यानं पाय सरकवले. मग वृंदा उभी राहिली, आणि मॅनेजरकडं बघून बोलली — ताठ!

"सर, बाटली न विचारता बाहेर आणली, ती आमची चूक. पण मी गिऱ्हाईक म्हणून आले, आणि तुमच्या दुकानानं मला माझा रंगच दाखवला नाही. मला माझा रंग हवाय."

मॅनेजर हसले. "मॅडम, डार्क शेडला मागणी नसते."

"मग मी काय करतेय?" वृंदा म्हणाली. "हीच मागणी! आली बघा!"

वाजवा टाळ्या! अहो वाजवा! गळ्यातली बी पडली बाहेर! "आमच्या येवल्यात," ती पुढं म्हणाली, "दुकानदार स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवतो. बघायला येणाऱ्यालासुद्धा बसवतो. त्याला कुणी प्रीमियम म्हणत नाही, सर. पण त्याच्या दुकानातून आजवर कुणी मान खाली घालून गेलं नाही!"

 आणि तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला.

"सर... आहेत त्या शेड. खालच्या ड्रॉवरमध्ये."

कोण? सायली! मॅनेजरनं डोळे वटारले. आता ही पोर नोकरी करते, पोटाचा प्रश्न! पण धीर लागट असतो, मंडळी — एकाचा दुसऱ्याला लागतो! सायली आत गेली, ड्रॉवर उघडला. सीलसुद्धा न फोडलेल्या बाटल्या! कधी कुणाला दाखवल्याच नाहीत, तर मागणी येणार कुठून? ट्रे भरून ती घेऊन आली. आणि ठेवला कुठं? दाराबाहेर, उन्हात!

वृंदेचा गाल पुसला. एक छटा लावली — जरा तांबूस. दुसरी — जरा पिवळी. तिसरी लावली आणि सायली थांबली.

"लाव ना," वृंदा म्हणाली.

"लावलं, मॅडम."

"कुठाय?"

कुठंच नाही! स्कूटरच्या आरशात बघते तर वृंदाच! तीच, तिचीच, नुकतीच छान झोप काढून उठल्यासारखी! आत्या टाळी वाजवून म्हणाली, "हांऽऽ! आता पदर काठाला जुळला!"

आणि मग काय विचारता! काचेला नाक लावलेल्या बायका धडाधड बाहेर! "मला पण उन्हात दाखवा!" "अय्या, माझं तर राखाडी दिसतंय!" ती गॉगलवालीसुद्धा, गॉगल काढून! मॅनेजर बिचारे घाम पुसत खुर्च्या आणवताहेत, आणि पहिल्या खुर्चीवर कोण? कलाआत्या, मांडी घालून! "आता कसं!" म्हणाली. "आणि साहेब, चहा?"

आला! चहा आला!

निघताना वृंदेचं लक्ष सायलीच्या मानेकडं गेलं. मान गुळाची, चेहरा पिठाचा. "तू तुझा का गं नाही लावत?" सायलीनं काय केलं? कापूस घेतला, आणि चेहरा पुसायलाच लागली.

लग्नाच्या दिवशी सासूबाई खोलीत आल्या. वृंदेकडं बघून चमकल्या. "मेकअपवाली आलीच नाही का?"

"आली होती ना, आई."

"मग लावलं काय तिनं?"

"माझा रंग," वृंदा हसून म्हणाली. "नाशकातल्या सगळ्यात भारी दुकानातून आणलाय!"

आणि वाकून नमस्कार केला. हो, वाकली! प्रेमानं वाकली, भीतीनं नाही.  सासूबाई पुढं झाल्या, तिची वाकडी झालेली मुंडावळी सरळ केली आणि म्हणाल्या, "चल पोरी, मुहूर्त गाठायचाय."

तर ओळखलीत का नम्रता? जी चूक झाली तिथं "चुकलं" म्हणते, आत्याच्या चपला उचलायला वाकते, सासूपुढं वाकते — पण स्वतःला लपवायला सांगितलं की ताठ उभी राहते, ती नम्रता! बाकी नुसतं नेसवलेलं सोंग.

आता तुमच्याकडं वळते हं, सुटका नाही! त्या दुकानाला हसलात ना पोटभर? मग मला सांगा, खालच्या ड्रॉवरला पहिलं कुलूप कुणी घातलं? "उन्हात खेळू नको, काळी पडशील" — कोण म्हणतं? "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" — ते "पण" कुणाचं? मॅनेजरचं? आणि अभिषेकाला तुम्हीच रांगा लावता! त्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर किती पिढ्यांनी दूध ओतलं असेल, दही ओतलं असेल — उजळला का तो देव कधी? नाही! आणि आपण तरी त्या काळेपणावरच जीव ओवाळतो, डोळ्यांत पाणी आणून!

तेव्हा आज प्रसाद घ्यायच्या आधी एकच काम करा. इथं शेजारी तुमची लेक, सून, भाची, नात बसली असेल, तिच्याकडं वळा. बघा तिच्याकडं. अहं, काकू, तिचे केस सारखे करू नका! काही सुचवू नका. नुसतं बघा.

बघितलंत?

मग आता वाजवा टाळ — जोरात!