उत्तरेच्या भिंतीची वाट

ऐका. आणि मध्येच खोकू नका. ज्यांना ही गोष्ट पुरती ठाऊक असते, त्यांनाच नेमक्या जागी खोकला येतो.

कनानवाडीच्या चर्चमागून ओढ्याकडे एक वाट जायची. उत्तरेच्या भिंतीला लागून. आता तिथं बाभळीचे फास, काटेरी फांद्या, टाकून ती बंद केलीय. का टाकले म्हणून विचारा कुणा म्हाताऱ्याला. सांगेल, "तिकडं हडळ हाये बाबा." संपली त्याची गोष्ट. अहो, पण हडळ काय आभाळातून पडली? ती बाई होती ना आधी? कोणाची कोण? तिथं आले की यांना खोकला.

तर ऐका.

विक्टोरिया राणीच्या राज्यातली गोष्ट. कनानवाडी तेव्हा नवीच वसलेली. विल्मट नावाचा पाद्रीसाहेब विलायतेतल्या कुठल्याशा खेड्यातून आला, आणि येताना अख्खं खेडं डोक्यात घालून आला. तिकडं जसं, तसं इथं. दगडी चर्च, वर घंटा. आत बाक, पुढचे पंचांचे, मागचे उरलेल्यांचे. रविवारी गरिबांना भाकरी, तीही खाली मान घालून रांगेत घ्यायची. चर्चभोवती कबरस्तान, त्याला भिंत, फाटकावर कौलांचं छोटंसं छप्पर. मढं आधी त्या छपराखाली टेकवायचं, साहेब यायचा, मग आत. कुणी गेलं की घंटा सावकाश वाजायची. एक टोला, मग थांबायचं, मग दुसरा. शेतातली माणसं हातातलं औत सोडून धावत यायची.

आणि साहेबाच्या खेड्यातली आणखी एक रीत आली. बाप्तिस्मा न झालेल्याला भिंतीच्या आत जागा नाही. त्याला उत्तरेला, बाहेर. प्रार्थना नाही, घंटा नाही.

रीत साहेबानं आणली खरी. पण तिला कडीकुलूप घातलं आपल्या पंचांनी. ज्यांना परवापरवापर्यंत गावच्या पाणवठ्यावर कुणी उभं करत नव्हतं, त्यांनी! भिंतीबाहेर राहून जन्म गेला, आणि आत शिरल्याबरोबर पहिलं काय केलं? भिंत मोजून घेतली.

असो. एका रात्री त्या वाटेला लागला तो आमोस. घंटा वाजवणारा आमोस. चर्च झाडायचं, दिवे पुसायचे, कबरी खणायच्या, सगळं त्याच्याकडं. भला माणूस. कुणाला नाही म्हणायचा नाही. हाच त्याचा आजार.

दिवेलागण होऊन गेली होती. थोरले पंच हनोख स्वतः त्याच्या दारात आले. अनवाणी! एरवी चर्चलाही करकरत्या वहाणा घालून येणारा माणूस.

"आमोस, सुनंचं लेकरू निळं पडलंय रं. दूध धरत न्हाई. साहेब ओढ्यापल्याड तंबूत हाये. पळ. बाप्तिस्म्याशिवाय गेलं तर..."

पुढची जागा दोघांनाही माहीत होती. आमोसनंच तिथं खणलं होतं.

कंदील उचलला. खांद्याला पाण्याचा तुंबा अडकवला. ओढ्याकडं जायला दोन वाटा. गावाबाहेरून गाडीवाट, ती लांब. आणि ही, भिंतीकडची, जवळची. गेल्या पावसाळ्यापासून आमोसनं या वाटेवर पाय टाकला नव्हता. पण पंचांचा नातू होता. नाही कसं म्हणणार? निघाला.

भिंतीच्या कोपऱ्यावर आला, आणि कंदील गेला. वारा नाही बरं का. झाडाचं पान हलत नव्हतं. नुसता गेला, कुणी फुंकर मारावी तसा.

"आमोसभाऊ..."

रात्री हाकेला लगेच ओ देऊ नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण साहेबानं शिकवलेलं, भूत नसतं. साहेब तंबूत झोपलेला होता, त्याला काय जातं शिकवायला? आमोसनं ओ दिली.

"आमोसभाऊ, पाणी घाल."

बघा हं. तहानलेलं माणूस काय म्हणेल? पाणी दे. ही म्हणाली, घाल. आमोसला तिथंच कळायला हवं होतं. कळलंही. कारण हे असंच, ह्याच शब्दांत, त्यानं पूर्वी ऐकलं होतं. तो पळत सुटला.

पळतोय, पळतोय. उजव्या हाताला भिंत. संपली. हुश्श केलं. चार पावलं टाकली, उजव्या हाताला भिंत! वळला. भिंत. उलटा फिरला. भिंत! चकवा, दुसरं काय. ओढ्याचं पाणी ऐकू येतंय, दिसत मात्र नाही. आणि तिकडं ते निळं लेकरू श्वास मोजतंय.

मग घंटा वाजली.

एक टोला. थांबली. घंटेचा दोर आमोसनं स्वतः खुंटीला बांधला होता, दाराची किल्ली त्याच्या कमरेला! आणि आवाज येतोय कुठून? चर्चच्या अंगानं नाही. खालून. पायाखालच्या मातीतून.

आणि भिंतीवर ती बसलेली.

आधी पाय बघायचे असतात. आमोसनं बघितले. सुलटे होते हो! साधे, भेगाळलेले पाय. हेच वाईट झालं. उलटे असते तर हडळ म्हणून किंचाळला असता. आता ओळखावं लागलं. ठकू.

ठकू कोण? खोका आता.

ठकू दुष्काळात आली होती. पोट पुढं घेऊन, एकटी. गोठ्यात राहिली, शेण काढलं, मागच्या बाकाच्याही मागं, जमिनीवर बसली. बाळंत झाली ती पावसात. साहेब दौऱ्यावर. लेकराचा श्वास धरेना. तेव्हा तिनं आमोसचे पाय धरले. "आमोसभाऊ, तुला बाप्तिस्म्याचं समदं पाठ हाये. तूच पाणी घाल. नाव ठेव."

आमोस म्हणाला, "मला अधिकार न्हाई." हे वाक्य लक्षात ठेवा. म्हणाला, "पंचांना विचारून येतो."

पंच जेवत होते. हनोख म्हणाले, "आधी म्हणावं बाप कोन ते सांग. आन बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभं कोन ऱ्हानार? तू?" सगळे हसले. आमोसही हसला. थोडंसंच, पण हसला.

परत येईतो लेकरू गेलेलं. भिंतीबाहेर खड्डा आमोसनंच घेतला. गाठोडं तसंच ठेवलं, उघडून बघितलं नाही. ठकू त्या ढिगाऱ्यापाशी बसली ती उठलीच नाही. पावसात तापानं गेली. मग तिच्यासाठीही बाजूलाच खणलं.

ती ठकू भिंतीवर बसलेली, आणि तिच्या हातात गाठोडं. तिनं तोंड उघडलं, आणि आवाज आला तो साहेबाचा! तेच मोडकं मराठी, बाप्तिस्म्याच्या वेळचं:

"ह्या लेकराचे नाव सांगा."

आणि गाठोडं आमोसच्या हातात. कधी आलं, कसं आलं, कळलं नाही. कापसासारखं हलकं.

"योहान," आमोस म्हणाला. सुचलं ते म्हणाला.

गाठोडं जड झालं. पायलीभर ज्वारीसारखं.

"ह्या लेकराचे नाव सांगा."

"दावीद!"

आणखी जड. खांदे ओढले गेले. टाकायला गेला, हात सुटेनात! बोटं चिकटलेली.

"लूक! पेत्र! मार्क!"

प्रत्येक नावाला ओझं वाढतंय. गुडघे टेकले. गुडघे मातीत रुतले. माती ओली, नुकती खणल्यासारखी भुसभुशीत. कमरेपर्यंत आत गेला. छातीवर जातं ठेवल्यागत झालं. श्वास अडला. पवित्र पुस्तकातली सगळी नावं संपत आली आणि ती बाई तेच विचारतेय, तेच, साहेबाच्या आवाजात.

मरणार म्हणून कळल्यावर माणूस खरं बोलतो. आमोसला तेव्हा कळलं की आपण कशाला नाव ठेवतोय हेच आपल्याला माहीत नाही. लेकरू, लेकरू म्हणत होतो सगळे. पंच म्हणाले, "ते गेलं का?" आपण म्हणालो, "ते गेलं." ते आलं, ते गेलं, ते पुरलं. ते! निदान वासराचं तरी माणूस विचारतो, गोऱ्हा की कालवड.

त्याला अशी लाज वाटली म्हणता, की भीतीला जागाच उरली नाही.

"ठकूताई," तो म्हणाला. आवाज कसला, नुसती धाप. "ठकूताई, मुलगा होता का मुलगी गं?"

सगळं थांबलं. खालची घंटा थांबली.

ती बोलली, आता स्वतःच्या आवाजात. "मुलगी. कुनीच इचारलं न्हवतं, भाऊ."

आमोसनं दातांनी तुंब्याचं बूच काढलं. खांदा कलता करून पाणी ओतलं, अर्धं स्वतःच्याच अंगावर. "सगुणा," म्हणाला. ते त्याच्या आईचं नाव. साहेबानं बदलून सारा केलेलं, मूळचं सगुणा. पुढचे शब्द म्हटले. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. चुकला नाही कुठंही. पाठच होते की!

हात मोकळे झाले. डोळे उघडले तर तो भिंतीखाली पालथा पडलेला, छातीशी भिंतीचा एक निखळलेला दगड. ओला. पूर्वेला फटफटलं होतं.

ओढ्यापलीकडं बघितलं. साहेबाचा तंबू पहाटेच हलला होता. नुसत्या खुंट्यांची भोकं राहिलेली.

तो उलट पावली पळाला. हनोखपंचांच्या ओसरीवर बायका बसलेल्या. लेकरू अजून धुगधुगत होतं. पंच धावत पुढं आले.

"साहेब कुठाय?"

"गेला."

पंचांनी क्षणभरही विचार केला नाही. पाण्याचा तांब्या उचलून आमोसच्या हातात दिला. "मग तूच घाल रं. घाल, घाल! अडीनडीला कुनीबी घातलं तरी चालतंय. साहेबानं आपल्या सगळ्यांसमोर सांगितलं न्हवतं का?"

सांगितलं होतं. सगळ्यांसमोर. आमोस तेव्हा दिव्याची काच पुसत होता, त्यानंही ऐकलं होतं. अधिकार होता. ठकूच्या वेळीही होता.

त्यानं पाणी घातलं. लेकराचा काय दोष? नाव ठेवलं, शब्द म्हटले. तांब्या खाली ठेवला आणि पंचांकडं बघितलं.

"मग तवा, पंच?"

हनोखांना खोकला आला.

नातू जगला. पुढं पंचही झाला. पण ते नंतर. त्या सकाळी आमोस चर्चमध्ये गेला, खुंटीवरचा दोर सोडला आणि घंटा वाजवली. सावकाश. एक टोला, मग थांबायचं, मग दुसरा. सगळी कनानवाडी धावली. पंचांचा नातू गेला म्हणून बायका रडतच आल्या. पंच अनवाणी धावत आले. "अरं, जितं हाये ते! कुनासाठी वाजवतोस? कोन गेलं?"

"सगुणा," आमोस म्हणाला, दोर न सोडता.

"कोन सगुणा?"

कुणालाच माहीत नव्हतं. आमोसनं नुसतं उत्तरेच्या भिंतीकडं बोट केलं. सगळ्यांनी तिकडं बघितलं, आणि मग सगळ्यांनी खाली बघितलं.

पुढच्या रविवारच्या आत त्या वाटेवर बाभळीचे फास पडले. कुणी टाकले? ज्यांनी खाली बघितलं होतं त्यांनी. आणि हडळीची गोष्ट सुरू झाली. भूत बरं असतं. भुताला भ्यायचं असतं, त्याला तोंड दाखवावं लागत नाही.

तर पोरांनो, त्या वाटेनं जाऊ नका. चुकूनही जाऊ नका. ती अजून बसते तिथं, कारण भिंतीबाहेर एकटी सगुणाच नाही. पुढंही पुष्कळ जणांना तिथं पुरलंय, आणि त्यांच्यासाठी खणणारे मेले; ते कोण होते हे सांगायला कुणी उरलं नाही. आणि गेलातच, मागून "पाणी घाल" म्हणून हाक आली, तर पळू नका. नावंही फेकू नका तोंडाला येतील ती.

आधी विचारा, मुलगा की मुलगी.

आणि जाताना या म्हाताऱ्यांपैकी एकाला संगं घेऊन जा. बघा येतो का.