बुटकं शीड

(अणदूरजवळची तलावाकाठची वस्ती. आत्या तारामती ओसरीवर शेंगा फोडतेय. भाचा योगीराज दारात उभा, नखशिखांत ओला.)

योगीराज : आत्या, नाव उलटली.

तारामती : काय?

योगीराज : कुठं काय? शेंगा औंदा चांगल्या भरल्यात.

तारामती : आन् हे पाणी?

योगीराज : घाम हाय.

तारामती : घामात मासा असतो व्हय? खिशातनं शेपूट हलतंय बघ.

योगीराज : बरं. उलटली.

तारामती : मग ठरलं व्हतं काय आपलं? उलटली की चुलीत. आण कुऱ्हाड.

योगीराज : आत्या, दोन वर्षं खपून बांधलीय ओ!

तारामती : नावेपरीस तू महाग हायस. वाचलास कसा ते सांग.

योगीराज : वीस मिनिटं हातपाय मारले. जीव जायची येळ आली. शेवटी दमून पाय सोडले, तर उभाच राहिलो.

तारामती : पाणी कितवर?

योगीराज : मांडीला.

तारामती : खंडोबा पावला रं! उलटली कशानं?

योगीराज : वारं एकदम आलं. शिडाची दोरी सुटंना. बैलाची गाठ मारली व्हती.

तारामती : आरं येड्या, बैल जाऊ नये म्हणून ती गाठ. वारं तर जाऊ द्यायचं असतं! शीड केवढं?

योगीराज : उंच, तिकोनी. मोबाईलवरच्या व्हिडिओत गोऱ्याच्या नावेचं हाय तसंच.

तारामती : त्याच्याकडचं वारं शिकलेलं असंल. आपण उफणताना तिपाईवर का चढतो?

योगीराज : वर वारं जास्त लागतं.

तारामती : मग नावेला कशाला चढवलंस? डोलकाठी निम्मी कर. शीड बुटकं, रुंद, चौकोनी. आन् दोरी हातात धरायची, बांधायची न्हाय.

योगीराज : म्हंजी... कुऱ्हाड नको?

तारामती : आण की. डोलकाठी दातानं तोडणार हायस?

योगीराज : हुश्श! आत्या, आता चहा द्या.

तारामती : देते. पर पहिल्या खेपेला म्या बसणार.

योगीराज : तुमाला पोहता येत न्हाय!

तारामती : उभं राहता येतं.

योगीराज : तलावात मधी दोन पुरुष खोल पाणी हाय, आत्या.

तारामती : मग वाऱ्याला सांग सबुरीनं घ्यायला. कचेरीत कारकून हायस ना? लिही अर्ज.

योगीराज : लिहितो. "प्रति, मा. शाखा अभियंता, पाटबंधारे. विषय : वाऱ्याबाबत. महोदय, अर्जदारास आत्या एकच असल्याने, त्या नावेत असेपर्यंत सदर तलावावरील वारा बेताचा ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती."