बावीस मिनिटांची खोली

...आणि वर मलाच विचारतात, मध्ये कशाला पडलास? अहो, पडलो नाही, पाडलं मला! भुवईवर हे सात टाके. इस्त्रीचे! गरम नव्हती, एवढंच नशीब. तुम्हाला सांगतो, माणसं वाईट नाहीत हो, चादरी कमी आहेत!

आमचं हॉटेल चाळीस खोल्यांचं. मी शिकूनसवरून तिथे साफसफाईचा सुपरवायझर. मालकांनी पहिल्याच दिवशी गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं, बैलाला घंटा बांधावी तसं. "एक खोली, बावीस मिनिटं! शनिवारी जो सगळ्यात मागे, तो घरी!"

आता मागे कोण? दुसऱ्या मजल्यावरची मावशी. चौदा वर्षं राबतेय, घरात मिळवती ती एकटी, आणि खोलीला चाळीस मिनिटं! असं कसं? फिरलो तिच्या मागे. झाडणं-पुसणं, न्हाणीघर, पलंग, सगळं वीस मिनिटांत चकाचक... आणि उरलेली वीस मिनिटं बाई चादर शोधत हिंडते! पलंगागणिक तीन चादरी हव्यात ना? एक अंथरलेली, एक धुण्यात, एक कपाटात. आमच्याकडे दीड! मग जो तो लपवतो. कुणी टाकीमागे, कुणी माळ्यावर, आणि तिसऱ्या मजल्यावरचा तो आडदांड गडी, त्याला आम्ही खांब म्हणतो, तो तर पोटाला गुंडाळून फिरतो! मालकांना सगळं मांडून दाखवलं. "कॉलेजात चादरी मोजायला शिकवतात होय रे? माणसं पळव, माणसं!" अहो, माणसं पळतील, पण चादरी कमी आहेत!

उजाडला शनिवार. धुलाईच्या खोलीत उरली एकच चादर. एक टोक मावशीच्या हातात, दुसरं खांबाच्या.

"सोड, मावशे!"

"तुझ्या बापाची आहे का रे?"

पोटावर एक असताना दुसरीसाठी जीव टाकत होता... उद्याचा धाक, दुसरं काय! हिसडा दिला, मावशी भिंतीवर धाडकन! मग ती कसली ऐकतेय? काच पुसायचं पाणी फवारलं त्याच्या डोळ्यांत, मनगटाचा असा लचका तोडला की गडी आईच्या नावाने बोंबलला, आणि पाठीत फरशी पुसायचा दांडा! दांडा मोडला. तोही मजल्याला एकच! मी हात पसरून ओरडतोय, "थांबा! दोष व्यवस्थेचा आहे!" तेवढ्यात कुठूनशी इस्त्री उडत आली. कुणी फेकली? दोघंही म्हणतात, त्यानं... तिनं!

रक्ताची धार लागली. मावशीने चादरीची कड टर्रकन फाडली, माझ्या डोक्याला आवळली, आणि उरलेली घेऊन जी सुटली, ती एकोणिसाव्या मिनिटाला खोली तयार! फाटकी कड गादीखाली खोचल्यावर दिसतेय कुणाला?

मालक धावत आले. मला उचलायला? छे! वाकून माझ्या गळ्यातलं घड्याळ बघितलं. "एकोणीस! बघ, चादरी लागल्या का?"

मागे राहिला खांब. डोळे सुजलेले, हात लुळा, दोन पोरांचा बाप... घरी गेला. जाताना पोटावरची चादर सोडून माझ्या हातात दिली. मी म्हटलंच होतं, चादरी कमी आहेत!

मावशी भेटायला आली होती काल. डोळ्यांत पाणी. कपाळावरून हात फिरवला, पट्टी चाचपली, आणि हळूच म्हणाली, "टाके निघाले की ही धुऊन आण हं बाळा. कडेला जोडून घेते."