हात मांडीवर, डोळे कापडावर

मंडळी, मागच्या बायांना ऐकू येत नसेल तर पुढे सरका. अंधार पडायच्या आत सगळ्यांना घर गाठायचं आहे, लढाईचा ब्लॅकआउट आहे, आणि निम्म्या बायांना इथूनच शिफ्टला जायचं आहे. म्हणून लांबवत नाही.

मला भाषण येत नाही. शाळा दुसरीतच सुटली. माझ्याआधी उठलेले साहेब नलिनीबाईंबद्दल फार चांगलं बोलले, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. बाई गेल्या. कावीळ झाली, तरी शिफ्टला येत राहिल्या, कोणाचं ऐकलं नाही, आणि दवाखान्यातून परत आल्या नाहीत. बस, याच्यापुढे मला त्याबद्दल बोलता येत नाही. मला एकच गोष्ट नीट सांगता येते. बाई शिकवायला कशा शिकल्या, ते मी पाहिलं आहे.

ते आजच सांगायला पाहिजे. मागे नव्या भरतीच्या पोरी बसल्या आहेत. बाई त्यांना अर्धवट शिकवून गेल्या. काल फोरमन साहेबांनी मला सांगितलं, सुमनबाई, कल से इनको आप सिखाइए. मला शिकवता येतं का, ते नाही विचारलं.

तर ऐका.

मागच्या लढाईची गोष्ट. कारखान्यात तोफांची कॅनव्हासची कव्हरं कमी पडून राहिली होती, म्हणून शिवणाच्या शॉपमध्ये, म्हणजे शिवणखात्यात, बायांची भरती काढली. माझा नवरा त्याच कारखान्यात होता. तो वारला होता, म्हणून मला घेतलं. पण ट्रायलवर. महिनाअखेरीला फोरमनसमोर एक कव्हर शिवून दाखवायचं. जमलं तर नोकरी, नाही तर घर. घरी सासू आणि दोन लेकरं. मी मशीनला जन्मात हात लावला नव्हता.

शिकवायला नलिनीबाई. त्याही नव्या, त्याही ट्रायलवर. वयानं माझ्याहून लहान.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, हात मांडीवर, डोळे कापडावर. त्या शिवत राहिल्या, आम्ही बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कोणाचा हात मशीनकडे गेला की लाकडी पट्टी टेबलावर आपटायची.

फोरमन साहेब आले, आमची रांग बघितली आणि म्हणाले, "नलिनी जी, यहाँ सत्यनारायण की कथा चल रही है क्या?"

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. मीही नाही.

डब्याच्या सुट्टीत मी सरळ विचारलं. बाई, आम्हाला असं बसवून काहून ठेवलं? म्हणाल्या, मी अशीच शिकले. आईवडील लहानपणीच गेले, मामांकडे आले. मामांचं बडा फुहाऱ्याच्या बाजारात शिवणाचं दुकान. वर्षभर जमिनीवर बसवलं, हात मांडीवर. हात उचलला की पट्टी, आणि ती टेबलावर नाही, बोटांवर. पण वर्षानं मशीनवर बसले तेव्हा पहिलीच शिवण सरळ आली.

हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता, बरं का. बोटांवरच्या पट्टीचं सांगतानासुद्धा.

मी म्हटलं, "तुम्हाला वर्ष होतं, अन् मामा जेवायला घालत होते. आम्हाला कोण घालणार?"

बाई डबा बंद करून उठल्या.

दुसऱ्या दिवशी आम्हाला मशीनवर बसवलं. झालं, सुया तुटायला लागल्या. कॅनव्हास जाड, आमचे हात अडाणी. सगळ्यात जास्त माझ्या तुटल्या. बाई यायच्या, शिवण उसवायच्या आणि कापड परत समोर टाकायच्या. मी म्हणायची, काय चुकलं ते तर सांगा. त्या म्हणायच्या, माझ्याकडे बघा, कळेल. अरे, बघूनच तर राहिले ना! दिसत नाही त्याला मी काय करू?

तिकडे फोरमन साहेब फेरीवर आले की विचारायचे, सुई क्या पेड़ पर लगती है? महिना सरत चालला होता. रात्रीच्या भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात एकच, आपली नोकरी गेली.

मग एक दिवस बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सुमनबाई, तुम्ही जन्मात काहीतरी शिकलाच असाल ना? ते कसं शिकलात? मला रागच आला. म्हटलं, भाकरी. आई माझ्या मागे बसली, माझ्या हातांवर तिचे हात ठेवले अन् थापली. सांगितलं काही नाही. आता डोळे मिटून थापते.

बाई माझ्या मागे आल्या, वाकल्या आणि माझ्या हातांवर हात ठेवले. म्हणाल्या, चालवा.

मंडळी, त्यांचे हात थरथरत होते. माझे नाही, त्यांचे.

मशीन हातभरसुद्धा चाललं नसेल, त्या म्हणाल्या, "थांबा. तुम्ही कापड ओढता."

मी म्हटलं, नाही ओढत. त्यांनी पुन्हा चालवायला लावलं. म्हणाल्या, ओढता. डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या हाताला लागतंय.

खरं होतं. कापड पुढे जाणार नाही या भीतीनं मी ते ओढत होते, सुई वाकत होती आणि तुटत होती. मी इतके दिवस त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघींना दिसलं नाही.

मग म्हणाल्या, आता हात मांडीवर. मी उठूनच जाणार होते, पण बसले. त्यांनी कापड लावलं, मशीन सुरू केलं आणि स्वतःचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. कापड चालत राहिलं. सुईखालचे मशीनचे दाते त्याला पुढे नेत होते. बाईंनी विचारलं, "कोण ओढतंय?"

कोणीच नाही.

तेव्हा मला बघता आलं. आधी काय बघायचं तेच माहीत नव्हतं.

पुढे एकदा मी विचारलं, बाई, त्या दिवशी हात काहून थरथरत होते? म्हणाल्या, शिकताना माझ्या हातावर कोणी हात ठेवला नाही हो. कसा ठेवतात तेच ठाऊक नव्हतं.

मामा, तुम्ही पुढेच बसला आहात. राग येत असेल तर येऊ द्या. सभा तुमच्या दारात आहे, पण मी भांडायला आलेली नाही. तुमची पट्टी वाईट होती. तुमचं ते हात मांडीवर ठेवणं वाईट नव्हतं. बाईंनी पट्टी सोडली आणि ते ठेवलं. काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हे त्यांना ना तुम्ही शिकवलं, ना मी. ते त्यांचं स्वतःचं.

महिनाअखेर आली. माझं कव्हर जमलं. माझ्याबरोबर ट्रायलवर असलेल्या फूलमतीचं तिरकं गेलं. ती बघा, खांबाजवळ बसली आहे. तिला मराठी कळत नाही, कोणीतरी सांगा तिला. फोरमन साहेब तिला म्हणाले, कल से मत आना. फूलमती रडायला लागली. नलिनीबाई पुढे झाल्या.

"साहब, शुरू के दिन मैंने ग़लत सिखाया. वो दिन इसके नहीं, मेरे काटिए."

साहेब म्हणाले, आपकी भी ट्रायल चल रही है.

"मालूम है."

साहेबांनी फूलमतीला आणखी एक आठवडा दिला. आज तिच्यासारखी सरळ शिवण शॉपमध्ये कोणाची नाही, माझीसुद्धा नाही. बाईंची नोकरी त्या दिवशी जाऊ शकली असती. त्यांना मामांच्या दुकानाशिवाय दुसरी जागा नव्हती, हे मला ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं.

तर पोरींनो, उद्यापासून मी. मी तापट आहे, सगळ्या जाणतात. समजलं नाही तर विचारा. मी ओरडेन, तरी विचारा. बाईंची पट्टी अजून कपाटात आहे, कापड मापायला लागते. ती माझ्या हातून टेबलावर आपटली, तर फूलमतीला हाक मारा. ती माझ्या हातातून पट्टी काढून घेईल. तिला मी सांगून ठेवलं आहे.

आता शेवटचं. शोकसभेत सगळे उभे राहतात. आज उभे राहू नका. बाईंचा फोटो काही सापडला नाही, म्हणून शॉपमधलं त्यांचं स्टूल आणून समोर ठेवलं आहे. बसून राहा. बोलू नका, रडू नका, घड्याळाकडे बघू नका. मी उठेन तेव्हा उठा.

मामा, तुम्हीसुद्धा.

हात मांडीवर. डोळे त्या स्टुलावर.