आशीर्वाद की शिव्या?

दवाखान्याच्या रांगेत एका ड्रायव्हरचा पाय ठणकत होता, पण कान मात्र पुढच्या मावशीकडे आणि खिडकीतल्या कंपाउंडरकडे लागले होते.

"नातीचा दम्याचा पंप आला का रे?"

"नाही मावशी. परदेशी सरकारकडून फुकट यायचा, तो त्यांनी बंद केलाय."

"का? माझ्या नातीनं त्यांचं काय घोडं मारलं?"

"आपलं सरकार लोकांना नाहक तुरुंगात डांबतं ना? आधी त्यांना सोडा म्हणतात, मग औषधं."

"अरे, माझा लेकही तसाच आत आहे! म्हणजे बापाला सोडवायला लेकीचा पंप थांबवला?"

"तसंच काहीसं."

"मग त्यांना आशीर्वाद देऊ की शिव्या?"

"सरकार वाकलं की सुटेल की तो."

"आणि तोवर पोरीनं श्वास रोखून बसायचं?"

कंपाउंडरनं मावशीच्या मागं पाहिलं. "चला, पुढचा कोण?"

मावशीला ओलांडून पुढं जायला ड्रायव्हरचा पाय काही उचलेना.